समजल्यासारखं वाटणं आणि खरंच येणं: कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास

शाळेत चांगले गुण मिळवणारी कितीतरी मुलं कॉलेजच्या पहिल्याच परीक्षेत घसरतात. ती आळशी झालेली नसतात आणि विषयही त्यांच्या कुवतीबाहेर गेलेला नसतो. शाळेत जसा अभ्यास करत होती तसाच, तेवढ्याच मनापासून करत असतात. बदललेली असते ती भोवतालची व्यवस्था, आणि हा बदल त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेला नसतो.

शाळेत तुम्हाला काय येतं आणि काय येत नाही, हे तपासायचं काम दुसरं कुणीतरी करत असतं. शिक्षक वर्गात उभं करून प्रश्न विचारतात, गृहपाठ तपासतात, दर थोड्या दिवसांनी चाचणी होते, वही अपुरी असेल तर घरी निरोप जातो. एखादा धडा कच्चा राहिला तर आठ-पंधरा दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येतं. कॉलेजात ही तपासणी जवळजवळ थांबते. वर्ग मोठा असतो, प्राध्यापकांना सगळ्यांची नावंही ठाऊक नसतात आणि पहिली खरी परीक्षा येईपर्यंत बराचसा अभ्यासक्रम शिकवून झालेला असतो. मधल्या काळात कुणी काही विचारत नाही, म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं.

ते तपासायचं काम आता तुमच्याकडे आलेलं असतं. पहिल्या वर्षात नीट अभ्यास कसा करावा याबद्दल मला जे सांगायचंय, ते सगळं या एकाच गोष्टीतून निघतं. आपल्याला काय येत नाही हे जो विद्यार्थी लवकर शोधून काढतो, त्याच्या हाती ते दुरुस्त करायला वेळ असतो. ज्याला ते परीक्षेच्या हॉलमध्ये कळतं, त्याच्या हाती काहीच नसतं.

ओळखीचं वाटतं, पण आठवत नाही

अभ्यास म्हटलं की बहुतेक जण काय करतात? पुस्तक उघडतात, धडा वाचतात, महत्त्वाच्या ओळी रंगवतात आणि परीक्षा जवळ आली की तेच पुन्हा वाचतात. दुसऱ्या वाचनात सगळं सोपं वाटतं. तिसऱ्या वाचनात तर पुढच्या परिच्छेदात काय आहे हेही आधीच माहीत असतं. पुस्तक मिटताना मनात येतं, हा धडा झाला.

इथेच फसगत होते. मजकूर समोर असताना तो ओळखीचा वाटणं ही एक गोष्ट, आणि मजकूर समोर नसताना तो डोक्यातून बाहेर काढता येणं ही अगदी वेगळी गोष्ट. परीक्षेत दुसरी गोष्ट लागते. वाचून वाचून आपण पहिलीचाच सराव करत असतो.

हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर केलेला प्रयोग प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. त्यांनी विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. मग एका गटाला तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितला. दुसऱ्या गटाकडून उतारा काढून घेतला, कोरा कागद दिला आणि आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर घेतलेल्या परीक्षेत मात्र चित्र उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के.

याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात एका गटानं उतारा फक्त वाचला, पुन्हा पुन्हा वाचला. आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल, असं विचारल्यावर सर्वांत जास्त खात्री याच गटाला होती, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी आठवलं तेही याच गटाला. म्हणजे वाचनामुळे ज्ञानापेक्षा आत्मविश्वास जास्त वाढला होता. परीक्षेतून बाहेर आल्यावर ‘सगळं केलं होतं, पण आठवलंच नाही’ असं म्हणणारी मुलं खोटं बोलत नसतात. त्यांनी खरोखरच सगळं केलेलं असतं. फक्त आठवून पाहिलेलं नसतं.

पुढे २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं तोवरचं संशोधन एकत्र तपासलं. पुन्हा वाचणं, ओळी रंगवणं आणि सारांश लिहिणं या विद्यार्थ्यांच्या आवडत्या पद्धती सर्वांत कमी उपयोगाच्या ठरल्या. सर्वांत वर दोनच होत्या: स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यास एका दमात न करता दिवसांवर पसरून करणं.

कोरा कागद

स्वतःची परीक्षा घ्यायची म्हणजे नेमकं काय, हे एका उदाहरणातून पाहू. समजा, अर्थशास्त्राच्या तासाला आज मागणीची लवचिकता शिकवली. संध्याकाळी वही बंद ठेवा, एक कोरा कागद घ्या आणि आजच्या तासात काय झालं ते लिहायला लागा. पहिलं वाक्य सहज येतं: किंमत बदलली की मागणी बदलते, आणि ती किती बदलते याचं माप म्हणजे लवचिकता. मग सूत्र: मागणीतला टक्केवारीतला बदल भागिले किमतीतला टक्केवारीतला बदल. इथवर ठीक. आता स्वतःला विचारा, टक्केवारीच का? नुसता बदल का नाही धरला? पेन थांबतं. वर्गात हे ऐकलं होतं, पटलंही होतं, पण आता सांगता येत नाहीये.

हा पेन थांबण्याचा क्षण म्हणजे आजच्या संध्याकाळची कमाई. आता वही उघडा. उत्तर सापडेल: एक वस्तू किलोवर मोजली जाते, दुसरी लिटरवर, तिसरी नगावर. नुसते बदल घेतले तर त्यांची तुलनाच करता येणार नाही. टक्केवारी घेतली की एकक गळून पडतं आणि कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूशी ताडून पाहता येते. थोडं झटापट करून मिळवलेलं हे उत्तर, वहीत चार वेळा वाचलेल्या उत्तरापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. शिवाय आता तुम्हाला नेमकं कळलेलं असतं की सूत्र पाठ आहे, कारण कच्चं आहे.

या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला कागदावर तीन-चार ओळींपलीकडे काही उतरत नाही आणि मन खट्टू होतं. ते साहजिक आहे. आठवायला कष्ट पडतात म्हणूनच ही पद्धत काम करते. अभ्यास सोपा वाटतोय म्हणजे चांगला चाललाय, ही समजूत सोडून देणं पहिल्या वर्षात सर्वांत अवघड जातं, असं माझं निरीक्षण आहे.

गणित, भौतिकशास्त्र, हिशेब, प्रोग्रामिंग या विषयांत हाच सापळा वेगळ्या रूपात येतो. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते. पण दुसऱ्याचं उदाहरण वाचून समजणं म्हणजे काठावर बसून पोहणं बघण्यासारखं आहे. म्हणून सोडवलेलं उदाहरण वाचून झालं की झाका आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून सोडवा. अडलात तर एकच ओळ उघडून बघा, पुन्हा झाका. प्रोग्राम असेल तर उतरवून घेऊ नका. काय साधायचंय ते लक्षात ठेवून स्वतः लिहा, मग मूळ प्रोग्रामशी ताडून पाहा.

या विषयांत आणखी एक गोष्ट करायची, ती म्हणजे उदाहरणांची सरमिसळ. पुस्तकात एका प्रकारची पंधरा उदाहरणं ओळीनं दिलेली असतात. ती सोडवताना कुठलं सूत्र वापरायचं हा प्रश्नच पडत नाही, कारण ते प्रकरणाच्या नावातच असतं. परीक्षेत मात्र तोच पहिला प्रश्न असतो. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटानं एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्यानं सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. सरावाच्या वेळी चुका जास्त होणारा गट परीक्षेत तिप्पट पुढे होता. म्हणून दोन-तीन प्रकरणं झाली की त्यांतली उदाहरणं वेगळ्या कागदावर उलटसुलट क्रमानं लिहून काढा, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला आधी हे ठरवा की हे कुठल्या जातीचं उदाहरण आहे.

विसरणं लवकर सुरू होतं

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विसरण्याचा आलेख मांडला. ते निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या पाठ करत आणि ठरावीक काळानं त्या पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजत. तासाभरात कष्टांतली ही बचत निम्म्याहून जास्त नाहीशी झालेली असे. दिवसानंतर सुमारे एकतृतीयांश उरे, महिन्यानंतर सुमारे एकपंचमांश. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगानं विसरला जात नाही, पण आलेखाचा आकार तसाच राहतो: आधी झपाट्यानं उतरतो, मग हळूहळू सपाट होतो.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. तास झाला त्याच दिवशी केलेली पंधरा मिनिटांची उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या दोन तासांना भारी पडू शकते, कारण त्या दिवशी बरंचसं अजून शाबूत असतं आणि ते फक्त पक्कं करायचं असतं. महिन्यानंतर तेच प्रकरण नव्यानं शिकावं लागतं. त्याच दिवशी एकदा, दोन-तीन दिवसांनी एकदा, मग आठवड्यानं, मग महिन्यानं, असं अंतर वाढवत नेलेलं बरं. वेळापत्रक काटेकोर पाळलं नाही तरी चालतं. मधे थोडं विसरू द्यायचं आणि मग आठवून काढायचं, एवढं सांभाळलं की पुरे.

आदल्या रात्री जागून केलेल्या अभ्यासावर लोक पासही होतात, हे खरं आहे. पण कॉलेजचे विषय एकावर एक रचलेले असतात. पहिल्या सत्रातलं कलनशास्त्र (कॅल्क्युलस) दुसऱ्या सत्रातल्या भौतिकशास्त्रात लागतं, पहिल्या वर्षाचं सांख्यिकी तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात लागतं. रात्रीत भरलेलं आठवड्यात रिकामं होतं आणि पुढचा विषय त्या रिकाम्या जागेवर उभा राहतो. शिवाय दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. झोप कापून अभ्यास वाढवणारा दोन्हीकडून तोट्यात जातो.

तासाला बसणं आणि तासात काय करणं

हजेरी सक्तीची नसेल तर तास बुडवण्याचा मोह फार मोठा असतो. नोट्स मित्राकडून मिळतात, स्लाइड्स अपलोड होतात, व्हिडिओ असतात. तरीही मी म्हणेन की तासाला बसा. मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० साली या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. कॉलेजातले गुण आणि हजेरी यांचं नातं इतकं घट्ट निघालं की शाळेतले गुण, प्रवेश परीक्षेतले गुण, अभ्यासाच्या सवयी हे सगळं त्याच्या मागे पडलं. अर्थात, नियमित येणारी मुलं मुळातच जास्त शिस्तीची असतात हा भाग त्यात आहेच. पण स्लाइडवर नसलेल्या गोष्टी तासातच होतात. प्राध्यापक कुठे थांबले, कुठलं उदाहरण दोनदा दिलं, ‘इथे सगळे चुकतात’ असं कशाबद्दल म्हणाले, यावरून विषयात काय महत्त्वाचं आहे ते कळतं.

लॅपटॉपबद्दल स्पष्टच सांगतो. २०१३ साली फारिया साना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तासात लॅपटॉपवर इकडेतिकडे बघणाऱ्यांचे गुण तर कमी होतातच, पण ज्यांना त्यांची स्क्रीन दिसते त्यांचेही होतात. हातानं लिहावं की टाइप करावं यावर मात्र संशोधन एकमुखी नाही. आधी हातानं लिहिणं सरस ठरलं, नंतर तोच प्रयोग पुन्हा केल्यावर फरक तितका ठळक दिसला नाही. म्हणून साधनाचा फार बाऊ नको. प्राध्यापकांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवणं थांबवणं जास्त महत्त्वाचं आहे. ऐका, समजा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा.

वहीच्या मांडणीची एक जुनी पद्धत मला फार उपयोगी वाटते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यात रूढ केली. पानाच्या डाव्या बाजूला तीन बोटांची पट्टी मोकळी सोडायची आणि तासातलं सगळं उजवीकडे लिहायचं. संध्याकाळी उजवीकडचं वाचून डावीकडे त्याचे प्रश्न लिहायचे. म्हणजे उजवीकडे लवचिकतेचं सूत्र असेल तर डावीकडे ‘टक्केवारीच का?’ पुढच्या वेळी उजवी बाजू झाकायची आणि डावीकडचे प्रश्न स्वतःला विचारायचे. वहीचीच प्रश्नपत्रिका होते, वेगळी काढावी लागत नाही.

तासाबद्दल आणखी एक. काही प्राध्यापक सरळ व्याख्यान न देता वर्गाला प्रश्न सोडवायला लावतात, चर्चा करायला लावतात. विद्यार्थ्यांना हे आवडत नाही, ‘सर नीट शिकवत नाहीत’ असं वाटतं. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा वर्गातल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं. चाचणीत मात्र तीच मुलं पुढे होती. ओघवतं व्याख्यान ऐकताना समजल्यासारखं वाटतं. ते वाटणं मोजमाप म्हणून वापरू नका.

वेळेचा अंदाज नेहमी चुकतो

आठवड्यातले तासच मोजले तर कॉलेजचं वेळापत्रक मोकळं दिसतं, आणि पहिल्या महिन्यात मुलं या मोकळेपणावर भाळतात. वर्गातल्या प्रत्येक तासामागे बाहेर सुमारे दोन तास अभ्यास, हा बऱ्याच विद्यापीठांमधला जुना ठोकताळा आहे. वर्गात पंधरा तास असतील तर बाहेरचे तीस. म्हणजे पूर्ण वेळाची नोकरी करण्याएवढं काम होतं. ते कुठल्या वारी, किती वाजता होणार हे ठरलेलं नसेल तर होत नाही.

असाइनमेंटच्या बाबतीत तर अंदाज हमखास कोसळतो. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ साली शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून जास्त दिवस लागले. सर्वांत वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला. यावर मला दिसणारा उपाय असा: काम मिळालं त्याच दिवशी वीस मिनिटं त्याला हात लावा. प्रश्न नीट वाचा, एक-दोन संदर्भ उघडा, पहिला कच्चा परिच्छेद लिहा. काम वाटलं त्यापेक्षा किती मोठं आहे ते त्या वीस मिनिटांत कळतं, आणि ते तीन आठवडे आधी कळलेलं असतं.

वर्षाच्या सुरुवातीला अभ्यासक्रमाची प्रत हातात येते. ती बहुतेक जण नीट वाचत नाहीत. गुण कशाला किती, अंतर्गत मूल्यमापन कसं, उशिरा दिलेलं काम स्वीकारतात का, प्रॅक्टिकलचं काय, हे सगळं त्यात असतं. सगळ्या विषयांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर मांडा. कुठल्या आठवड्यात तीन सबमिशन एकत्र येणार ते तेव्हाच दिसतं.

‘उद्यापासून जास्त अभ्यास करीन’ असले निश्चय टिकत नाहीत. ‘मंगळवारी शेवटचा तास संपला की घरी न जाता थेट लायब्ररीत, रसायनशास्त्र, पाऊण तास’ असा निश्चय बराच जास्त टिकतो. केव्हा, कुठे, काय हे आधीच बांधून टाकलं की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलेलं आहे. फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत किंवा बॅगेत, आवाज बंद करून.

एकट्यानं, आणि मग सगळ्यांनी मिळून

युरी ट्राइझमन या गणितज्ञांचं काम मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं. १९७० च्या दशकात ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विभागात होते. तिथे पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात बरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी नापास होत. प्राध्यापकांचे अंदाज ठरलेले होते: तयारी कमी असेल, जिद्द कमी असेल, घरचा आधार नसेल. ट्राइझमन अंदाजांवर थांबले नाहीत. मुलं प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे त्यांनी त्यांच्यासोबत राहून पाहिलं आणि ते सगळे अंदाज चुकीचे निघाले. ही मुलं कष्टाळू होती, शाळेत हुशार म्हणून नावाजलेली होती, घरच्यांचा भक्कम आधार होता. मात्र ती एकटी अभ्यास करत होती. शाळेत त्यांना एकट्यानंच यश मिळालं होतं, म्हणून तीच सवय त्यांनी पुढे आणली होती. त्याच वर्गात चांगले गुण मिळवणारे चिनी वंशाचे विद्यार्थी उदाहरणं आधी स्वतः सोडवत आणि मग एकत्र बसून ताडून पाहत. कुणाचं कुठे चुकलं हे लगेच उघडं होई. एखादं उदाहरण कुणालाच जमलं नाही, तर दोष आपल्यात नाही, उदाहरणच अवघड आहे, हेही कळे.

एकट्या मुलाला हे कधीच कळत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की आपल्याला जमत नाहीये, आणि बाकीच्यांना जमत असणार. ट्राइझमन यांनी मग गटांमध्ये अवघड उदाहरणं सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या. कच्च्या मुलांची जादा शिकवणी असं त्यांचं स्वरूप मुद्दामच ठेवलं नाही. त्यांत भाग घेणाऱ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी एकट्यानं, मग मिळून. पहिल्यापासूनच एकत्र बसलं तर सर्वांत वेगवान मुलगा सोडवतो आणि बाकीचे माना डोलवतात. तीन-चार जणांचा गट, आठवड्यातून एक ठरलेली वेळ, प्रत्येकानं आधी प्रयत्न करून आलेलं, आणि एकानं दुसऱ्याला फळ्यावर समजावून सांगायचं. दुसऱ्याला सांगताना आपलं अडखळणं लपत नाही.

प्राध्यापकांकडे जायला मुलं घाबरतात. आपला प्रश्न बावळट ठरेल असं वाटतं. पण ‘सर, मला हे प्रकरण समजलं नाही’ असं म्हटलं तर सर तरी कुठून सुरुवात करणार? त्याऐवजी कागद घेऊन जा: ‘मॅडम, तिसऱ्या पायरीपर्यंत मी आले. इथे आपण चिन्ह का बदललं ते कळत नाही. मला असं वाटत होतं की...’ याला दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि प्रयत्न करून आलेली विद्यार्थिनी मॅडमच्या लक्षातही राहते. पुढे मार्गदर्शन किंवा शिफारसपत्र लागतं तेव्हा ही ओळख कामी येते, पण ती पहिल्या वर्षापासूनच व्हावी लागते.

उत्तरं देणारी एआय साधनंही आता हाताशी असतात. त्यांच्याबाबत तीच जुनी कसोटी लावा. त्यांनी लिहिलेलं उत्तर वाचून समजल्यासारखं वाटणं हे पुस्तक पुन्हा वाचण्यापेक्षाही फसवं असतं, कारण ते उत्तर अगदी तुमच्या प्रश्नासाठी बेतलेलं असतं. त्यांच्याकडून उत्तरं घेण्याऐवजी प्रश्न घ्या: ‘या प्रकरणावर मला पाच प्रश्न विचार, उत्तर लगेच सांगू नकोस.’ ती आत्मविश्वासानं चुकीचंही सांगतात, म्हणून पुस्तकाशी ताडून पाहा, आणि असाइनमेंटमध्ये ती वापरायची मुभा आहे का ते आधी विचारून घ्या.

पहिला पेपर हातात आल्यावर

पहिल्या परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले तर उत्तरपत्रिका फाइलमध्ये दडवून ठेवायची इच्छा होते. तसं करू नका, त्या सत्रात तुम्हाला मिळालेला तो सर्वांत उपयोगी कागद असतो. जिथे जिथे गुण गेले, तिथे कारण लिहा. हे मुळात माहीतच नव्हतं का? माहीत होतं पण आठवलं नाही? आठवलं पण प्रश्न वेगळ्या रूपात आल्यामुळे ओळखता आलं नाही? की वेळ पुरला नाही? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिल्यासाठी वाचायला हवं, दुसऱ्यासाठी कोरा कागद, तिसऱ्यासाठी सरमिसळ उदाहरणं, चौथ्यासाठी घड्याळ लावून जुने पेपर सोडवायला हवेत. कारण न शोधता नुसतं ‘पुढच्या वेळी जास्त अभ्यास करीन’ म्हटलं, तर चुकीची पद्धतच जास्त वेळ वापरली जाते.

आणि आजारपणामुळे, घरच्या अडचणीमुळे किंवा नुसतंच मन न लागल्यामुळे दोन-तीन आठवडे मागे पडलात तर? बहुतेक जण मागचं सगळं भरून काढल्याशिवाय वर्गात जायला लाजतात. तोवर पुढचंही साचतं आणि मग विषयच सुटतो. उलट करा. आजच्या तासाला जा, अर्धं डोक्यावरून गेलं तरी जा, आणि आजचं त्याच संध्याकाळी करा. मागच्यासाठी रोज पाऊण तास वेगळा ठेवा. आजचं समजण्यासाठी मागचं जे लागतं तेवढंच आधी घ्या, बाकीचं नंतर. प्राध्यापकांना दोन ओळींची मेल लिहा: मी तीन आठवडे मागे पडलो आहे, पुढचं समजण्यासाठी कुठला भाग आधी करू? सत्राच्या पाचव्या आठवड्यात त्यांच्याकडे या प्रश्नाला नेमकं उत्तर असतं, बहुतेकदा दोन प्रकरणांची नावं आणि एक उदाहरणसंग्रह. परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारलं तर त्यांच्याकडेही देण्यासारखं काही उरलेलं नसतं.